बिननंबरी पाणी

माणिकप्पांनी घरातल्या पाण्याला नंबर दिले, तेव्हा महानंदाबाई मंडईत गेल्या होत्या. आपण घरी असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्या अजूनही म्हणतात. परत आल्या तेव्हा अंगणात चार निळे पिंप ओळीनं उभे होते, प्रत्येकावर काळ्या शाईचा हातभर आकडा होता आणि ब्रश धुवायचा की नुसताच पुसायचा, या विचारात माणिकप्पा मधोमध उभे होते.

"हे काय मांडून ठेवलंय?" भाजीची पिशवी खाली न ठेवताच महानंदाबाईंनी विचारलं.

"इंतजाम," माणिकप्पा म्हणाले. "आजपासून या घरात पाण्याचा एक थेंब वाया जाणार न्हाई."

"म्हणजे आजपर्यंत जात होता? कोण घालवत होतं, मी?"

या प्रश्नाला उत्तर देण्याइतके माणिकप्पा भोळे नव्हते. त्यांनी ब्रश जुन्या पोत्याला पुसायला घेतला.

तो उन्हाळाच तसा होता. लातुरातले नळ कधीपासून बंद होते. टँकर आठ-दहा दिवसांनी गल्लीत यायचा आणि तो आला की लग्नाच्या वरातीला पळावं तशी माणसं पळायची. बाहेरगावाहून रेल्वेनं पाणी येतंय, हे टीव्हीवर दाखवल्यापासून तर लांबच्या सोयऱ्यांचेही फोन यायला लागले होते. "कसे आहात?" असं कुणी विचारत नव्हतं. "आलं का?" एवढंच विचारत आणि काय ते दोन्हीकडे कळायचं.

माणिकप्पा लातूर जिल्हा व्हायच्या आधी डाळ मिलला लागले होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. सारा जन्म त्यांनी मालाची प्रतवारी केली. तुरीचा दाणा मिलमध्ये गेला की त्यातलं काही वाया जात नाही. अख्खी डाळ वेगळी, तुकडा वेगळा, चुनी जनावरांना, भुसाही कुणीतरी नेतोच. मालाला नंबर लावला की माल वाया जात नाही, यावर त्यांचा देवाखालोखाल विश्वास होता. निरोपाच्या दिवशी मालकांनी शाल दिली. माणिकप्पांनी मात्र पोत्यातून नमुना काढायची ती टोकदार पोकळ सळई तेवढी मागून घेतली. आता ती बैठकीत देवाच्या फोटोशेजारी खुंटीला लटकत होती.

"नीट ऐका," त्यांनी घर गोळा करून सांगितलं. घर म्हणजे महानंदाबाई आणि बाजेवर बसलेल्या मल्लम्मा, माणिकप्पांच्या आई. "नंबर एक म्हणजे टँकरचं. पिण्याला, स्वयंपाकाला आन् आंघोळीला. त्यात डाळ-तांदूळ धुतले की झालं नंबर दोन. त्यात भांडी घासायची. भांड्याचं, आंघोळीचं, धुण्याचं ते तीन. त्यात फरशी पुसायची आन् राहिलेलं अंगणातल्या बेलाला. फरशीचं ते चार, ते संडासाला."

"आन् चूळ भरल्याचं रे?" मल्लम्मांनी विचारलं.

"तीन, अव्वा."

"मिश्रीची चूळ?"

माणिकप्पा जरा विचारात पडले. "चार."

"मग माझं तोंड चार नंबरी हाय म्हण की," असं म्हणून मल्लम्मा भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

"आणि माझ्या पूजेचं पाणी?" महानंदाबाईंनी विचारलं.

रोज सकाळी त्या गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत, त्याला पाणी घालत, विभूती लावत, बेलाचं एक पान वाहत, आणि ते पाणी अंगणातल्या बेलाच्या बुंध्याशी नेऊन ओतत. मोरीत ते जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. बेलही आईच्याच दारचा. किल्लारीला भूकंप झाला, त्यात त्यांच्या माहेरचं म्हणून जे उभं राहिलं ते एक बेलाचं झाड. हे घर बांधलं तेव्हा त्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं रोप त्यांनी तेलाच्या डब्यात घालून, जीपमध्ये मांडीवर घेऊन इथवर आणलं होतं. आता ते माणसाच्या उंचीइतकं झालं होतं. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून माणिकप्पांनी भोवती जाळी मारून छोटं फाटक केलं होतं. त्यात आता आणखी भर घातली होती. आळ्यातलं पाणी बाजूला झिरपून वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आळ्याच्या तळाला आणि कडांना मिलमधलं जाड प्लास्टिक पुरलं होतं.

देवाच्या पाण्याला नंबर द्यायची काही त्यांची छाती झाली नाही. "ते बिननंबरी," ते म्हणाले. "त्याला हिसाब न्हाई."

हा शब्द पुढे त्यांच्या गळ्याशी येणार होता.

पहिली अडचण मात्र खालून आली. वर सगळे काटकसर करायला लागले, तसं खाली पाणी उतरेना. नंबर चारचा पिंप तळाला लागला, आणि नंबर चारचं काम पुढे ढकलण्यासारखं नव्हतं.

"चारची आवक घटलीय," पिंपात वाकून बघत माणिकप्पा म्हणाले. "आज आंघोळ कुणाची राहिलीय?"

"कुणाचीच न्हाई. एकाआड एक दिवस तुम्हीच ठरवलाय."

"मग अव्वा, तू करून घे."

"काल तर केली की रे!"

"परत कर. चारला माल पायजे."

आंघोळ प्लास्टिकच्या मोठ्या टबात बसून करायची, म्हणजे थेंबही बाहेर जात नाही. मल्लम्मा टबात बसल्या आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला, सिंधूला, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साऱ्या गावात माणसं पाण्यासाठी भांडायलीत आन् माझं पोरगं मला रोज भिजत घालायलंय. म्यां काय तांदूळ हाव का?"

महानंदाबाईंनी शांतपणे एक हिशेब मांडला. "संडासाला पाणी मिळावं म्हणून एक नंबरच्या पाण्यानं आंघोळ घालायची. त्यापरीस अर्धी बादली सरळ चारमध्ये वतली तर अर्धी वाचंल की."

"एक नंबरचा माल चारमध्ये?" माणिकप्पांच्या तोंडावर खरोखर वेदना उमटली. "चाळीस वर्षात मी असं काम केलं न्हाई."

अशात बेल पिवळा पडायला लागला. चैत्रात आलेली कोवळी पालवी मलूल झाली आणि खालची पानं गळू लागली. महानंदाबाईंनी पहिलं बोट साबणाच्या पाण्यावर ठेवलं. देवाला वाहायचं पान, त्याला भांड्याचं खरकटं पाणी! माणिकप्पांनी मुकाट्यानं तीन नंबर बंद केलं आणि बेलाला बढती देऊन दोन नंबर सुरू केलं. डाळ-तांदळाचं पाणी, कसदार. तरी पानं गळतच राहिली.

मग महानंदाबाईंची पूजा मोठी होत गेली. आधी पूजेला फुलपात्रभर पाणी लागायचं. मग तांब्या लागू लागला. एक दिवस त्या कळशी घेऊन पूजेला बसल्या.

"एवढं पाणी लिंगाला?" माणिकप्पांनी विचारलं.

"बिननंबरी हाय. त्याला हिसाब न्हाई, तुम्हीच म्हणलात."

पण नंबर एक झपाट्यानं खाली जात होता आणि टँकरचा पत्ता नव्हता. शेवटी त्यांनी पिंपाच्या झाकणाला कडी ठोकली, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या करदोड्याला बांधली. गल्लीत बऱ्याच जणांनी पिंपांना कुलपं लावली होती, पण ती शेजाऱ्यांसाठी. बायकोसाठी लावणारे माणिकप्पा एकटेच. सकाळी ते प्रत्येकाला पिण्याचं पाणी तांब्यानं मोजून देत, स्वयंपाकाला वेगळं आणि पूजेला फुलपात्रभर. महानंदाबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. त्यांचं काम म्हणजे भाकरी वाढणं, त्याला फारसं बोलावं लागत नाही.

गंमत अशी की कुलूप लागलं तरी नंबर एकची पातळी हिशेबापेक्षा खालीच राहायची.

"आता कोण चोरायलंय?" महानंदाबाईंनी टोमणा मारला.

"हवेनं उडतं," माणिकप्पा दुसरीकडे बघत म्हणाले. "ऊन काय कमी हाय का?" एरवी तुरीच्या एका दाण्याचा माग काढणाऱ्या माणसानं हे एवढ्यावर कसं सोडलं, याचं महानंदाबाईंना नवल वाटलं. पण अबोला असल्यामुळे त्यांनी ते विचारलं नाही.

त्याच आठवड्यात उदगीरहून गुरुबसप्पा आले. ते माणिकप्पांचे व्याही, लेक उमादेवी त्यांच्या घरी दिलेली. गुरुबसप्पांची दाढ फार दुखत होती, ती लातुरात काढून घ्यायची होती. त्या उन्हाळ्यात लातुरात पाहुणा आला की घरच्यांचा चेहरा पडायचा, आणि पाहुणेही समजून होते. गुरुबसप्पा एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आपल्या पाण्याचा कॅन घेऊनच उतरले. पाय धुवायलासुद्धा पाणी मागायचं नाही, असं ते बसमध्ये बसतानाच ठरवून आले होते.

त्यांना बघताच माणिकप्पांचा चेहरा उजळला. "या इवाई, या! आधी आंघोळ करा!"

"आंघोळ?" गुरुबसप्पा उंबऱ्यातच थबकले.

"भरपूर करा. साबण लावा. लाजू नका."

गुरुबसप्पांचे डोळे भरून आले. अशा दिवसांत व्याह्याला आंघोळ घालणारं घर! शरीरानं ते चांगले भरदार होते. आंघोळ झाली, पण टबातून उठता येईना. माणिकप्पा धावत गेले आणि त्यांना दोन्ही हातांनी ओढू लागले.

"हळू! हळू! जपून!" माणिकप्पा कळवळून ओरडत होते.

आपली एवढी काळजी सख्ख्या भावानंही केली नव्हती, असं गुरुबसप्पांनी संध्याकाळी फोनवर उमादेवीला सांगितलं. माणिकप्पा तेव्हा टबातलं पाणी न सांडता नंबर तीनमध्ये उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ निघाली. डॉक्टरांनी गालात कापसाचा बोळा कोंबला आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही, अशी ताकीद दिली. दुपारी सगळं घर आडवं झालं. गुरुबसप्पा ओसरीवर अंगणाकडे तोंड करून बाजेवर पडले होते. ठणक्यानं त्यांना झोप लागत नव्हती. सबंध दुपार ते गाल धरून अंगणाकडे बघत राहिले.

उन्हं उतरली तशा महानंदाबाई उद्या सकाळच्या पूजेसाठी पान काढायला फाटक उघडून आत गेल्या. त्यांनी एका पानाला हात लावला, तर शेजारची दोन आपोआप गळून पडली. शेंड्याला चार-दोन पानं कशीबशी तग धरून होती. महानंदाबाई तिथंच खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज ओला झाला.

"माहेरचं एवढंच राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तेबी चाललं."

माणिकप्पा ओसरीवर उभे होते. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं. मग करदोड्याची किल्ली काढली, पिंपाचं कुलूप काढून फेकलं आणि नंबर एकची बादली काठोकाठ भरली.

"चुलीत गेले नंबर," ते म्हणाले. "महानंदा, सरक. आख्खा पिंप वततो."

"ऊंऽऽ!"

ओसरीवरून गुरुबसप्पा उठले आणि एवढ्या देहाला न शोभणाऱ्या चपळाईनं त्यांनी बादली धरली. "ऊं! ऊं!" ते मान हलवत होते. माणिकप्पा बादली झाडाकडे ओढत होते आणि व्याही ओसरीकडे.

"इवायाला तहान लागली असंल," मल्लम्मा बाजेवरून म्हणाल्या. "दे की रे आधी त्यांना."

महानंदाबाई लगबगीनं पेला घेऊन आल्या. गुरुबसप्पांनी पेल्यालाही मान हलवली, कपाळाला हात मारला, बादली भुईवर ठेवली आणि तरातरा घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नमुन्याची सळई होती. ती त्यांनी माणिकप्पांच्या हातात दिली आणि बेलाच्या आळ्याकडे बोट दाखवलं.

सळई हातात आली की माणिकप्पांना विचार करावा लागत नसे. ते वाकले, त्यांनी ती आळ्यात तिरकी खुपसली, मनगटानं अर्धा फेरा दिला आणि बाहेर ओढली. सळईच्या पोटातून काळाकुट्ट चिखल पचकन त्यांच्या तळहातावर पडला. त्याला कुबट वास येत होता.

माणिकप्पांनी तो चिमटीत घेऊन चोळला, नाकाशी नेला. कितीतरी वर्षं त्यांनी तुरीची ओल अशी पारखली होती. आख्ख्या लातुरात कुणाच्या विहिरीच्या तळाशी एवढी ओल नव्हती. एवढ्या दुष्काळात बेलाची मुळं पाण्यात बुडून गुदमरत होती. वर सुकलेली माती दिसत होती, आणि खाली प्लास्टिकनं थेंबही बाहेर जाऊ दिला नव्हता.

"दोन नंबरचं तर मी एकच बादली घालतो," माणिकप्पा पुटपुटले. "बाकीचं एवढं पाणी घातलं कुणी?"

गुरुबसप्पांना बोलायची बंदी होती. त्यांनी बोट उचललं आणि आधी मल्लम्मांकडे दाखवलं.

"माझ्या वाटणीचं होतं ते," मल्लम्मा फणकारल्या. "गोळीबरोबर प्यायचं. म्यां गोळी तशीच गिळत होते. कुणाच्या बापाचं घातलं न्हाई."

बोट महानंदाबाईंकडे वळलं. त्यांनी पदर सारखा केला. "कुलूप लागल्यावर पूजेचं कुठं पुरतंय? माझ्या पिण्यातलं अर्धं घालत होते."

मग ते बोट माणिकप्पांवर आलं आणि तिथंच थांबलं. माणिकप्पांनी मागं वळून पाहिलं, पण मागं भिंतच होती. गुरुबसप्पांनी दुसऱ्या हातानं तांब्या धरल्यासारखं केलं, करदोड्याची किल्ली काढल्यासारखं केलं, इकडंतिकडं बघितल्यासारखं केलं आणि पाणी ओतल्यासारखं केलं. दुपारचं सगळं त्यांनी जसंच्या तसं करून दाखवलं. शेवटी त्यांनी तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि उदगीरहून आणलेला कॅन उलटा करून दाखवला. तो पूर्ण रिकामा होता.

महानंदाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही? मला कुलूप लावून?"

"म्हणून तर लावलं," माणिकप्पा खाली मान घालून म्हणाले. "तू सगळं झाडाला घालशील आन् प्यायला तुलाच राहणार न्हाई, अशी भीती वाटली. मग म्हणलं, आपण आपल्यातलं घालावं. तेबी पुरंना, मग पिंपातलं काढलं. गपचूप."

मल्लम्मा आधी हसल्या. मग महानंदाबाईंना हसू आलं आणि हसताहसता मघाचं राहिलेलं रडूही आलं. गुरुबसप्पांना हसायलाही डॉक्टरांनी मना केलं होतं, म्हणून ते गाल धरून नुसते गदगदत राहिले.

त्याच संध्याकाळी माणिकप्पांनी आळं उकरून सगळं प्लास्टिक ओढून काढलं, मुळांभोवतीची माती मोकळी केली, वर कोरडी माती टाकली. आता काही दिवस बेलाला एक नंबर नाही, दोन नंबर नाही, पूजेचं पाणीही शेजारच्या सिंधूच्या तुळशीला, असं ठरलं. पण ठरवणं वेगळं आणि या घरातल्या माणसांचा भरवसा धरणं वेगळं. महानंदाबाईंनी अंगणात पडलेलं पिंपाचं कुलूप उचललं, जाळीच्या फाटकाला घातलं आणि किल्ली आपल्या कमरेला खोचली.

नंबर तसेच राहिले, फक्त चारला माल कमी पडला तर मल्लम्मांना भिजत घालायचं नाही, असा नवा नियम झाला. उदगीरहून गुरुबसप्पांचा फोन यायचा तेव्हा ते आधी झाडाची चौकशी करत आणि मग माणसांची. बेल बरेच दिवस नुसत्या काटक्या घेऊन उभा होता. मग एका सकाळी महानंदाबाईंना शेंड्याजवळ तांबूस, नखाएवढा कोंब दिसला. त्यांनी तो तोडला नाही. त्या दिवशीची पूजा बिनपानाची झाली.

त्या दुपारी त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. माणिकप्पा आले. त्यांचा एक हात पाठीमागे होता.

"किल्ली दे जरा."

"कशाला?"

"नमुना बघतो. ओल किती राहिलीय ते."

"नमुना बघायला तांब्या लागतो होय?"

माणिकप्पांनी पाठीमागचा हात पुढे घेतला. "लई ऊन हाय गं," ते म्हणाले. "कोंब कवळा हाय. आन् हे कुणाचं न्हाई, माझ्याच वाटणीचं हाय."

महानंदाबाईंनी तांब्यात वाकून पाहिलं. स्वच्छ, नंबर एकचं पाणी. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडून फाटले होते. हे कधीपासून असं आहे, ते आपल्याला अबोल्यात दिसलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"प्या," त्या म्हणाल्या.

"अगं, पण..."

"माझ्यासमोर प्या."

माणिकप्पांनी तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायले, आणि तळाशी घोटभर राहिलं तसे थांबून त्यांनी हळूच जाळीकडे पाहिलं.

महानंदाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"सगळं," त्या म्हणाल्या.